सरांची छत्री आणि यशवंत घाडगे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव म्हणून फोन आला आणि लिहायला बसलो तर इतिहासाच्या सरांशिवाय दुसरं काही सुचेना. नाव लिहीत नाही, माणगावात आपल्या शाळेत शिकलेल्याला ते सांगावं लागत नाही.

सरांचा एकच तास सांगतो. आठवीचा वर्ग, जुन्या इमारतीतला, जुलैचा पाऊस पत्र्यावर असा बदडत होता की पहिल्या बाकाच्या मागे काही ऐकू जाईना. दुसऱ्या महायुद्धाचा धडा होता. सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, इटली कुठे आहे? दोघांनी हात वर केले. मग म्हणाले पळसगाव कुठे आहे? सगळा वर्ग ओरडला. सर म्हणाले, मग तिथूनच सुरू करू.

पळसगावचा पोरगा, यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक, वय २२. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनचा मारा इतक्या जवळून झाला की त्याच्या सेक्शनमधली, म्हणजे छोट्या तुकडीतली, सगळी माणसं मेली नाहीतर जखमी झाली, हा एकटा उभा. तसाच धावत गेला, हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमी गनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, एकाला मारलं, अजून दोघं उरले होते आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. इथे सरांनी कोपऱ्यातली ओली छत्री उचलली आणि टोकाकडून धरून उलटी केली, मूठ वर. "नळीला धरली, अशी. गोळ्या मारून मारून तापलेली असणार रे ती." छत्रीचं पाणी त्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं, त्यांना पत्ता नव्हता. त्या दोघांना घाडग्यांनी दस्त्याने ठोकून मारलं आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला, पण तो त्यांच्या पत्नीच्या हातात.

मागच्या बाकावरून कुणीतरी टाळ्या वाजवायला लागला तर सरांनी छत्री खाली ठेवली आणि म्हणाले, थांबा, सेक्शनमधली बाकीची पोरंही कुणाच्यातरी घरची होती. एवढंच बोलून खडू घेतला.

भाषणाला उभं राहायचं तर सर कागद आधी तपासायचे. "शेकडो शत्रूंना कंठस्नान" असलं काही लिहिलं की लाल रेघ. चार होते, चारच लिही, चार काय कमी आहेत का! मी आज पुण्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचा हेड आहे, हाताखाली मोठी टीम आहे, आणि रिपोर्टमधला आकडा तपासल्याशिवाय सही करत नाही म्हणून पोरं मला वैतागतात. त्यांना काय माहीत ही सवय कुठली.

२०२३ च्या जुलैत बातमी वाचली, इटलीत मोन्तोने गावात घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. त्या महायुद्धात इटलीत ५० हजारांवर भारतीय सैनिक लढले, ५,७८२ गेले, तिथे दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा आपल्या लोकांचे. सर असते तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर हे आकडे असते. ते नाहीत. आणि आता १० जुलैला व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं त्यात दरवर्षी मारलेल्यांची संख्या वाढत जाते, खाली फॉरवर्ड करा. तहसील कचेरीतल्या घाडग्यांच्या पुतळ्यासमोर फोटो काढणाऱ्या पोरांना विचारलं की हे कुठे गेले, तर कुणी कारगिल म्हणतं. चीड येते, पण त्यांना सांगितलंय कुणी?

सर दर १० जुलैला वक्तृत्व स्पर्धा घ्यायचे, ती बंद पडली म्हणे. परत सुरू करा. बक्षिसांचा खर्च माझ्याकडे लागला, मुख्याध्यापक बाईंशी बोललोय, त्यांनी हो म्हटलंय. अट एकच, भाषणाचे कागद आधी कुणीतरी तपासायचे, लाल पेनाने.