रायफल सोबत असताना विमान कुठे बदलावे

लेकीची पन्नास मीटरची रायफल घेऊन परदेशी स्पर्धेला जायचे ठरले, की आमच्या घरात पहिली चर्चा होते ती विमान कुठे बदलायचे याची. तिकिटाच्या दराचा विषय त्यानंतर निघतो. ही शिस्त आम्हाला पहिल्या प्रवासाने लावली. गेल्या काही महिन्यांत सांगली-मिरजेतल्या तीन-चार पालकांनी याच बाबतीत विचारणा केली, म्हणून सगळे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या इमारतीखाली ती लांब काळी पेटी गाडीत चढवताना कोणीतरी हमखास विचारतो, "काय, वाघ मारायला निघालात काय?" वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि आपल्याकडची शिकार कागदावर तरी संपली, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. मात्र विमान कंपन्यांच्या नियमावलीत आमच्या लेकीची रायफल आणि आफ्रिकेत हरणामागे जाणाऱ्या हौशी शिकाऱ्याची रायफल यांत फारसा भेद नसतो. दोन्ही शस्त्रेच, दोन्ही सामानाच्या कप्प्यातूनच जाणार आणि दोन्ही काउंटरवर जाहीर करावी लागणार. त्यामुळे या विषयात शिकाऱ्यांचे अनुभव आम्हा नेमबाजांच्या पालकांना फार उपयोगी पडतात.

पहिल्या वेळी आम्ही मुंबईहून जर्मनीला जाताना वाटेत एक तास पन्नास मिनिटांचा थांबा असलेले तिकीट काढले होते. संकेतस्थळावर ते तिकीट विकले जात होते, म्हणजे तेवढा वेळ पुरत असणार, असा माझा भाबडा हिशोब होता. आम्ही दोघे धावतपळत पुढच्या विमानात बसलो आणि उतरल्यावर मोठ्या आकाराच्या सामानाच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिलो. तिथून सायकली आल्या, एक सेलो आला, गोल्फच्या काठ्या आल्या. आमची पेटी आली नाही. लेकीचे कातडी जॅकेट, पँट, बूट, चटई सगळे हाताशी होते आणि नेमकी रायफल नव्हती. ती दुसऱ्या दिवशी रात्री पोहोचली. तोवर सरावासाठी ठरवून दिलेली वेळ निघून गेली होती आणि लेक वसतिगृहाच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेल्या ठिपक्यावर नुसती नजर लावून बसली होती.

चूक कोणाची, हे शोधण्यात अर्थ नव्हता, कारण हिशोब माझाच चुकला होता. कोणताही विमानतळ विमान बदलण्यासाठी जो किमान वेळ ठरवतो, तो प्रवासी आणि त्याची साधी बॅग यांच्या चालीने ठरवलेला असतो. शस्त्राची पेटी बऱ्याच ठिकाणी पट्ट्यावरून इतर बॅगांबरोबर जात नाही. तिला वेगळा माणूस नेतो, मध्ये कोणीतरी कागद तपासतो, कुठे ती थोडा वेळ कुलुपात ठेवली जाते आणि मगच पुढच्या विमानात चढते. यातला एक माणूस जेवायला गेला असेल, तरी तुमचे दीड तासांचे गणित कोलमडते. तेव्हापासून मी चार तासांपेक्षा कमी थांबा घेत नाही, आणि त्याच दिवशी त्याच मार्गावर त्याच कंपनीचे आणखी एक विमान असेल, तर ते तिकीट थोडे महाग पडले तरी पत्करतो.

वेळेपेक्षा मोठा प्रश्न आहे तो देशाचा. आपण विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलतो, पासपोर्टवर शिक्का बसत नाही, म्हणून त्या देशाचा आपल्याशी संबंध नाही असे आपल्याला वाटते. रायफलच्या बाबतीत ते खरे नसते. दुबईमार्गे शस्त्र न्यायचे, तर ते विमानतळाच्या बाहेर पडणार नसले तरी आधी मंजुरी घ्यावी लागते. ॲम्स्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावरून केवळ पुढे जाण्यासाठीही डच सीमाशुल्क खात्याची संमती लागते. प्रत्यक्ष स्पर्धेच्या देशाची परवानगी आयोजकांच्या निमंत्रणावर मिळून जाते, कारण तिथे तुमची वाट पाहणारे कोणीतरी असते. वाटेतल्या देशात तसे कोणी नसते. तिथला अर्ज तुम्हालाच भरायचा असतो आणि त्यात विमानाचा क्रमांक व तारीख लिहायची असल्यामुळे तिकीट बदलले की बहुधा अर्जही बदलावा लागतो. म्हणून आता मी आधी कंपनीला ईमेलने रायफलचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि पूर्ण मार्ग कळवतो, लेखी होकार येईपर्यंत थांबतो आणि त्यानंतरच पैसे भरतो. फोनवर मिळालेल्या होकाराचा काउंटरवर काहीही उपयोग होत नाही.

पेटी कुठे हाती पडते, यावरही कनेक्शनचा सगळा आराखडा अवलंबून असतो. अमेरिकेत तुम्ही ज्या पहिल्या विमानतळावर उतरता, तिथेच सगळे सामान उचलावे लागते. परदेशी पाहुण्याने बरोबर आणलेल्या रायफलची, शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या एटीएफ या अमेरिकी खात्याकडून आधी घेतलेली परवानगी, म्हणजे फॉर्म ६ एनआयए, तिथेच दाखवायची आणि पुढच्या देशांतर्गत विमानासाठी पेटी पुन्हा जाहीर करून द्यायची. युरोपीय संघात नेमके उलट आहे. पासपोर्टची तपासणी पहिल्या शेंगेन (आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) विमानतळावर होते, पण पुढे पाठवलेल्या बॅगेची सीमाशुल्क तपासणी शेवटच्या विमानतळावर होते. हे सोयीचे वाटते खरे. पण तो शेवटचा विमानतळ लहान असेल आणि तुम्ही रात्री साडेदहाला उतरणार असाल, तर जाहीर करायचे सामान असणाऱ्यांच्या लाल मार्गिकेत तुमची कागदपत्रे पाहणारा अधिकारी सापडेपर्यंत बाहेर थांबलेली शेवटची बस निघून गेलेली असते. लहान ठिकाणी दिवसाउजेडीच पोहोचावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका स्पर्धेच्या वेळी काउंटरच्या रांगेत नामिबियाला शिकारीसाठी नियमित जाणारे एक वयस्कर गृहस्थ भेटले होते. जोहान्सबर्गला विमान बदलण्यावर ते अर्धा तास बोलत होते. तिथे दक्षिण आफ्रिकेत प्रवेश करायचा, तर पोलिसांचा एसएपीएस ५२० हा अर्ज लागतो. तो काळ्या शाईने भरायचा आणि सही मात्र अधिकाऱ्यासमोरच करायची. एकाच तिकिटावर पेटीला विंडहुकपर्यंतचा, म्हणजे नामिबियाच्या राजधानीपर्यंतचा, टॅग लागला असेल, तर माणूस आतल्या आत पुढे जाऊ शकतो. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, तर पेटी घ्यायला बाहेर पडावे लागते आणि जिथे जायचेच नव्हते, त्या देशाच्या परवानगीत माणूस अडकतो. शंभर-दोनशे डॉलर वाचवण्याच्या नादात लोक असे अडकतात, हे त्यांनी फार चवीने सांगितले.

वेगळ्या तिकिटांचा मोह आपल्याकडे सांगलीतूनच सुरू होतो. कोल्हापूरचा विमानतळ पन्नास-एक किलोमीटरवर, तिथून मुंबई तासाभराची. मग का नको? कारण ते तिकीट वेगळे, विमान लहान, आणि मुंबईत दुसऱ्या टर्मिनलला उतरलो, तर रायफल टॅक्सीत घालून रस्त्याने नेणे आलेच. शिवाय एकाच दिवसात शस्त्र दोनदा जाहीर करायचे, दोनदा पेटी उघडायची. आम्ही सरळ गाडीने कराड, सातारा, पुणे करत जातो. त्यासाठी शस्त्र परवान्यावरचे क्षेत्र पाहून घ्यावे. परवाना फक्त जिल्ह्यापुरता असेल, तर विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात ते काम महिना-दोन महिने आधीच मार्गी लावावे.

मुंबईत मी विमानाच्या पाच तास आधी पोहोचतो, आणि हा वेळ कधीही वाया गेलेला नाही. एकदा एका अधिकाऱ्याने मोबाइलचा उजेड पाडून नळीजवळचा क्रमांक वाचला आणि हातातला कागद पुन्हा पाहिला. रायफलवर इंग्रजी 'बी' होता आणि कंपनीच्या मंजुरीत त्या जागी आठचा आकडा पडला होता. लेक माझ्याकडे बघत राहिली. मूळ ईमेल मी छापून ठेवला होता, त्यात 'बी' स्पष्ट होता. तरी ती दुरुस्ती होईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. त्यानंतर सीमाशुल्काच्या खिडकीवर जाऊन रायफल देशाबाहेर नेत असल्याचा, तिच्या क्रमांकासह दाखला घ्यायचा असतो. परत येताना ही वस्तू बाहेर विकत घेतलेली नाही, हे सिद्ध करायला तोच कामी येतो. लोक हा दाखला घाईत टाळतात आणि परतीच्या दिवशी, थकलेल्या अवस्थेत, पावत्या शोधत बसतात.

काडतुसांचा हिशोब त्यामानाने सोपा आहे. एका प्रवाशाला वेष्टणासह पाच किलोपर्यंतच नेता येतात, आणि दोघांचा वाटा एका डब्यात एकत्र करता येत नाही. पॉइंट टू टूची (०.२२ इंच मापाची) पाचशे काडतुसे पावणेदोन किलोच्या आसपास भरतात, त्यामुळे आमची मर्यादा कधी ओलांडली गेलेली नाही. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत बसवणारा सरकता भाग, काढून ठेवलेला असला, तरी तोही शस्त्राचाच भाग असल्याने हातातल्या पिशवीत चालत नाही. तो आम्ही पेटीतच ठेवतो, कारण बोल्ट एका विमानात आणि रायफल दुसऱ्यात, अशी वेळ यायला नको. दहा मीटरची एअर रायफल असेल, तर हवेचा सिलिंडर रिकामा करून न्यावा. छर्ऱ्यांना कोणी हरकत घेत नाही.

यंदा पुन्हा हॅनोव्हरला जायचे आहे. दोन थांब्यांचे एक तिकीट बरेच स्वस्त मिळत होते आणि हिने ते दोनदा मला दाखवलेही. आम्ही मुंबई–फ्रँकफर्ट थेट विमान घेतले आहे. पुढचे छोटे विमान टाळून फ्रँकफर्टहून भाड्याच्या गाडीने जाणार आहोत. ते अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सांगली–मुंबई इतकेच. रायफलच्या क्रमांकातला तो 'बी' या वेळी मी अर्जात कंसात शब्दानेही लिहिला आहे.