शेळी दिली, मग पुढं?

आमच्या धारूर तालुक्यात मार्गदर्शन शिबिरांना तोटा नाही. मंडप, हार, पाहुण्यांची भाषणं, दुपारी बायकांना पोहे आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. अशा शिबिरांत मी स्वतः सतरंज्या अंथरल्यात, त्यामुळं नावं ठेवायचा थोडा हक्क मला आहे. शेळीपालनावर दोन तास ऐकून बाई घरी जाते. चार महिन्यांनी शेळी गाभण असते, डब्यातली डाळ संपलेली असते, नवरा म्हणतो विकून टाक आणि व्यापारी दारात उभा असतो. त्या दिवशी तिच्याजवळ बसायला कोण असतं?

मी उमेदची, म्हणजे गावातल्या बायकांचे बचत गट उभे करणाऱ्या सरकारी अभियानाची, सीआरपी आहे; गावातलीच कार्यकर्ती. बचत गट बांधायचे, बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री पाळली जाते का ते बघायचं, बँकेत खातं काढून द्यायचं, असं कामाचं स्वरूप. अभियान महाराष्ट्रात 2011 पासून आहे, त्यामुळं गटाविषयी नव्यानं काही सांगत नाही. सांगायचंय ते बैठक संपल्यावर एखादीच्या घरी जाऊन बसण्याविषयी. रजिस्टरात त्याला रकाना नाही.

वस्तीवर एक वहिनी आहेत. जमीन नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी; दसऱ्यानंतर टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जायचं आणि पाडव्याच्या आसपास परत यायचं. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली. ती घरात कधी टिकत नाही. जुनी उधारी, दवाखाना, पोरीचं लग्न. हंगामात उचल फिटली नाही की बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं. गटाच्या कर्जातून त्यांनी दोन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या तेव्हा वस्तीवर बोलणं झालंच, की दिवाळीआधी विकून मोकळ्या होतील.

मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "मला कायला शिकवायलीस ग? माझ्या बापाच्या दारात शेळ्या होत्या." खरं होतं. शेळी माजावर आली हे त्यांना आवाजावरून कळतं, मला नाही. मग मी शिकवायच्या भानगडीत पडलेच नाही. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (शेळ्या पटकन मारणाऱ्या आतड्याच्या रोगाची) लस टोचून घेतली का, एवढंच विचारलं. त्यांच्या बापाच्या काळात शेळ्या पटापट मरायच्या त्या कशानं, हे आमचं पहिलं खरं बोलणं. लसीचं त्यांनी त्यानंतर मनावर घेतलं. पशुसखी, म्हणजे जनावरांचं बघणारी गावातली प्रशिक्षित बाई, येऊन लस टोचून गेली, तिचे पैसे वहिनींनी घासाघीस करून दिले. मला ते आवडलं. फुकट मिळालेल्या लसीची तारीख कुणी लक्षात ठेवत नाही.

कानातल्या बिल्ल्याचंही असंच. विमा उतरवताना शेळीच्या कानाला बिल्ला मारतात, आणि शेळी मेली की दावा करायला तो बिल्ला आणि डॉक्टरचा कागद लागतो. हे शिबिरात सांगतात, नाही असं नाही. पण शेळी पहाटे मरते, लोक लगेच पुरून टाकतात आणि दुपारी आठवण येते. म्हणून आधी डॉक्टरला फोन, मग खड्डा, हे मी प्रत्येक घरी इतक्यांदा बोललेय की वस्तीवरची पोरं माझी नक्कल करतात.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वजनकाट्याची झाली. आमच्याकडं बोकड उक्ता विकतात. व्यापारी पाठीवरून हात फिरवतो, कंबर चाचपतो आणि आकडा सांगतो. वहिनींच्या बोकडाला त्यानं सात हजार सांगितले. ग्रामसंघाकडं, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडं, टांगायचा काटा आहे, तो मी आदल्या दिवशीच त्यांच्या दारात ठेवून आले होते. पोत्याचा झोळ करून बोकड टांगला, सव्वीस किलो भरलं. त्यांची सहावीतली पोरगी म्हणाली, साडेतीनशेनं धरलं तरी नऊ हजार शंभर. व्यापारी हसला, मोटारसायकल चालू केली, निघून गेला. वहिनींचं तोंड उतरलं. माझं आत काय झालं असेल ते सांगत नाही, कारण त्या घरात त्या आठवड्याला पैसे लागणारच होते. दोन दिवसांनी तोच माणूस परत आला आणि आठ हजार सहाशेवर सौदा झाला. काटा पाहिल्यावर दर आपोआप मिळतो असं मी म्हणणार नाही. त्या दोन दिवसांचं किराणा गटातल्या अंतर्गत कर्जातून आलं, म्हणून त्या थांबू शकल्या. हातात काहीच नसतं तर सात हजारालाच दिला असता, आणि तेही बरोबरच ठरलं असतं.

घरी जाऊन बसायची ही गोष्ट माझ्या एकटीच्या डोक्यातली नाही. बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं 2002 पासून अगदी तळातल्या कुटुंबांसाठी असं काम सुरू केलं. जनावर द्यायचं, काही दिवस घरखर्चाला भत्ता द्यायचा, बचत लावायची, आणि कार्यकर्तीनं साधारण दोन वर्षं नेमानं घरी जायचं. पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबादला बंधन संस्थेनं तेच केलं. पुढं सहा देशांतल्या अशा कामाची नीट तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. कार्यक्रम संपून वर्ष झालं तरी त्या घरांचं खाणं-पिणं आणि कमाई, कार्यक्रमात नसलेल्या तशाच घरांपेक्षा बरी होती. त्यातल्या घानामध्ये काही घरांना नुसत्या शेळ्या देऊन पाहिलं होतं. तिथं टिकणारा फरक दिसला नाही. हे मी प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा शेजारची सीआरपी कानात म्हणाली, "एवढ्या लांब कशाला गेले, आपल्याकडंच यायचं की."

मात्र यावरून कुणी असं म्हणू नये, की गरिबाला फक्त चांगला सल्ला हवाय. आमच्या वरच्या बैठकांत हल्ली हा सूर लागतो: 'मानसिकता बदला', 'लखपती दीदी व्हा'. मानसिकता कुणाची बदलायची? सात हजारांत बोकड देणाऱ्या बाईची बुद्धी शाबूत असते, तिला फक्त थांबायला दोन दिवस नसतात. भत्ता, बचत, कर्ज यांनी ते दिवस मिळतात. घरी जाऊन बसणाऱ्या बाईचा उपयोग त्यानंतर होतो, आणि तोही ती दर आठवड्याला त्याच वाराला गेली तरच. माझा बुधवार. एखाद्या बुधवारी सांगण्यासारखं काही नसतं, मी शेंगा फोडत बसते आणि उठून येते. सीआरपीचं मानधन बघता एवढ्या घरी असं जाणं परवडत नाही, हेही लिहून ठेवते. बायकांच्या गरिबीवर काम करणाऱ्या बाईच्या हातात काय पडतं, यावर शिबिर कुणी घेत नाही.

आता वहिनींच्या दावणीला पाच आहेत, त्यातल्या दोन पाटी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या. या वर्षी उचल घेताना दोघांत भांडण झालं. वहिनी म्हणाल्या, मी येत नाही, शेळ्या सासूच्यानं होणार नाहीत. नवरा म्हणाला, कोयता मोडला तर मुकादम निम्मेच पैसे देईल. मला बोलावलं आणि दोघांनी एकदमच विचारलं, तूच सांग. मी सांगितलं नाही. पोरीची वही काढली आणि दोन्ही बाजू त्यांनाच बोलायला लावल्या: अर्ध्या कोयत्याची उचल, घरी राहिल्यावर शेळ्यांचं येणं, मागची बाकी, तोडीच्या जागी कोपीवर, म्हणजे झोपडीत, राहण्याचा खर्च. पोरगी लिहीत गेली. दोघांनी जायचं ठरलं असतं तर पोरीला गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवायचं, तेही त्यात आलं. बेरीज अशी काही ठळक एका बाजूला झुकली नाही, फरक थोडाच निघाला.

शेवटी तो अर्ध्या कोयत्यावर एकटा गेला. मागची बाकी अजून आहे. वहिनी आता मुरघास, म्हणजे हिरवा चारा मुरवून साठवायचं, करायचं म्हणतायत, त्यासाठी मका कुणाच्या रानातून आणायचा यावर येत्या बुधवारी बसायचंय.