एक फोन तर करायचा!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. व्याख्यानमालेचे वक्ते जाहीर झाले की हा प्रश्न ठरलेला: "त्या अमक्यांना का नाही बोलावलं? एक फोन तर करायचा!"

फोनवर मोठी माणसं "बघू" म्हणतात आणि कार्यकर्ते तोच होकार धरतात. खरं तर तीन-चार महिने आधी एक पानी पत्र जायला हवं. वार, तारीख, महिना, वेळ, भाषण 50 मिनिटं, प्रश्नोत्तरं 20, श्रोते किती, कोण, प्रवास-मुक्काम कुणाकडे, मानधनाचा आकडा. "यथाशक्ती मानधन" लिहिलं की आकडा विचारण्याचा संकोच पाहुण्याच्या माथी येतो, आणि नाही म्हणणं त्याला सोपं वाटतं. "विषय आपल्या आवडीचा" हा नम्रपणा नव्हे, आळस. त्यातून जुनंच भाषण पदरात पडतं.

पत्रात महिना कशाला, असं विचारून लोक हसतात. जानेवारीत फोनवर ठरलं होतं: "14 तारीख, शनिवार." आम्ही फेब्रुवारी धरला, वक्त्यांनी मार्च. लीप वर्ष नसलं की फेब्रुवारी नेमका चार आठवड्यांचा, त्यामुळे मार्चमध्येही त्याच तारखेला तोच वार. वार जुळल्यामुळे कुणालाच शंका आली नाही. पत्रिका छापून वाटून झाल्या. आदल्या संध्याकाळी "गाडी किती वाजता पाठवू?" म्हणून फोन केला, तर पलीकडे शांतता. मग, "उद्या?" ते परगावी होते. सभागृहाच्या दारावर कागद चिकटवला: "अपरिहार्य कारणास्तव." कसलं अपरिहार्य! महिन्याचं नाव घ्यायचं राहिलं होतं, एवढंच.

पत्र का नव्हतं? मध्ये ओळखीचा माणूस होता. पत्र पाठवणं परकेपणाचं वाटलं. त्यानंतर काही वर्षं "ओळख नकोच" असं मी तावातावानं सांगायचो. तेही खरं नाही. अनोळखी पत्रांना बहुतेकदा उत्तरच येत नाही. ओळख असली तरी पत्र जावंच, आणि पंधरा दिवस आधी पुन्हा आठवण, एवढं मात्र पाळतो.

राखीव वक्ताही ठेवतो. त्याला तो राखीव आहे हे सांगायचं का, यावर समितीत दोन तट आहेत. सांगितलं तर अपमान, न सांगितलं तर फसवणूक. मी कधी इकडे, कधी तिकडे.

आणि हो, त्या अमक्यांना दोनदा पत्र गेलंय. उत्तर नाही. फोन तुम्हीच करून बघा.