रोटरीचं स्ट्रीट पोर्टिंग: साइड सील सांभाळून

रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो; त्यात व्हॉल्व्ह नसतात आणि कॅमशाफ्टही नसतो. माझदाच्या १२ए किंवा १३बी या रोटरी इंजिनांमध्ये हवा कधी आत शिरणार आणि वाट कधी बंद होणार, हे बिडाच्या साइड प्लेटमधल्या पोर्टचा, म्हणजे हवेच्या तोंडाचा, आकार ठरवतो. रोटरची कड त्यावरून सरकते तसं पोर्ट उघडतं आणि झाकलं जातं. रस्त्यावरच्या गाडीसाठी हे पोर्ट बेताने कोरून मोठं करणं म्हणजे स्ट्रीट पोर्टिंग. त्यामुळे पोर्ट कोरताना वाट तर रुंद होतेच, शिवाय टायमिंगही बदलतं. बराचसा फायदा या टायमिंगमधूनच येतो.

अंश मोजताना ते एक्सेंट्रिक शाफ्टचे, म्हणजे रोटर फिरवतो त्या मुख्य शाफ्टचे, धरायचे. रोटरच्या एका फेऱ्यात शाफ्टचे तीन फेरे होतात, म्हणून पिस्टन इंजिनात जो स्ट्रोक १८० अंशांचा असतो तो इथे २७० अंशांचा. मूळ १२ए मध्ये इनटेक (हवा आत घेणारं पोर्ट) टीडीसीनंतर, म्हणजे चेंबर सगळ्यात लहान होतो त्या क्षणानंतर, ३२ अंशांवर उघडतं आणि बीडीसीनंतर, म्हणजे चेंबर सगळ्यात मोठा होतो त्या क्षणानंतर, ४० अंशांवर बंद होतं. एक्झॉस्ट टीडीसीनंतर ३८ अंशांवर बंद होतं, म्हणजे ओव्हरलॅप (दोन्ही पोर्टं एकाच वेळी उघडी असण्याचा काळ) जेमतेम ६ अंश. रस्त्यावरच्या गाडीसाठी इनटेक साधारण २५ अंशांवर उघडावं आणि ६० च्या आसपास बंद व्हावं. बंद होणं त्याहून लांबवलं तर कमी आरपीएमला भरलेला चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) उलटा रनरमध्ये, म्हणजे पोर्टकडे येणाऱ्या वाटेत, ढकलला जातो आणि खालचा टॉर्क जातो.

कोरायला मोकळीक कमीच आहे. आतल्या बाजूला रोटरवरच्या, तेल अडवणाऱ्या ऑइल सील रिंगची वाट आहे. तिच्यात शिरलात तर इंजिन तेल ओढतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर थांबत नाही. वापरलेल्या प्लेटवर ही वाट चकचकीत पट्ट्यासारखी दिसते, तिच्यापासून दीड ते दोन मिमी अंतर राखावं. बाहेरच्या बाजूला रोटरच्या कोपऱ्यावरचं कॉर्नर सील फिरतं. त्याच्याखाली आधार उरला नाही तर ते पोर्टमध्ये वाकतं आणि कोपरा तुटतो. पोर्ट लवकर उघडायची हाव या बाहेरच्या कडेशी आवरावी लागते.

तिसरी मर्यादा पोर्ट बंद होणाऱ्या वरच्या कडेची, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. साइड सील म्हणजे रोटरच्या बाजूच्या खाचेत बसलेली पातळ, वक्र पट्टी. मागच्या स्प्रिंगमुळे ती सतत प्लेटवर दाबलेली असते. पोर्टवरून जाताना तिच्याखाली काहीच नसतं, त्यामुळे ती किंचित आत उतरते. वरची कड सीलला समांतर कोरली असेल, तर सील तिथे पोचताना पूर्ण लांबीने एकदम कडेवर आदळतं. मग कड ठेचली जाते, सीलचे टवके उडतात आणि पुढे रोटरमधली खाचही सैल होते. म्हणून कड तिरकी हवी: कात्रीच्या पात्यांसारखं एका टोकापासून सील हळूहळू वर उचललं गेलं पाहिजे. शिवाय त्या कडेची धार अर्धा मिमी तरी गोल मोडावी. हा उतार बोटाच्या नखाने तपासा. नख अडकलं तर सीलही अडकणार.

कापायला बसण्याआधी प्लेट मोजून घ्या. ती ०.०४ मिमीपेक्षा जास्त वाकलेली किंवा ०.१० मिमीपेक्षा जास्त झिजलेली असेल तर तिच्यावर मेहनत घेऊ नये. पोर्टभोवती मार्किंगची निळी शाई लावा, पत्र्याचं टेम्प्लेट डॉवेलच्या भोकांवरून बसवा आणि स्क्रायबरने रेघ मारा. मग स्टेशनरी गिअर बसवलेल्या प्लेटवर रोटर, हाउसिंग आणि शाफ्ट ठेवून डिग्री व्हीलने (शाफ्टवर बसणाऱ्या अंशांच्या चकतीने) रेघ पडताळा. रेघ कितीही सुबक असली तरी आकडा व्हीलवरचाच खरा.

प्लेटचा पृष्ठभाग बहुधा नायट्राइड केलेला (नायट्रोजन मुरवून कडक केलेला) असतो. डाय ग्राइंडरचा कार्बाइड बर (कापणारं टोक) त्यावर घसरला की सीलच्या वाटेवर ओरखडा पडतो आणि प्लेट निकामी होते. सगळा पृष्ठभाग जाड टेपने झाका, पोर्टच्या कडेला पातळ पत्रा धरा आणि आतून बाहेर कापत या. रेघेच्या अर्धा मिमी अलीकडे बर थांबवून उरलेलं ८० आणि १२० ग्रिटच्या सँडिंग रोलने काढा. आरशासारखं पॉलिश नको, खरखरीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब कमी साचतात.

पोर्टच्या मागचा रनरचा खड्डा नव्या आकाराला जुळवून घ्या, आतलं वळण गुळगुळीत करा. रनर मात्र फार रुंदावू नका. पाण्याचं जॅकेट जवळ असतं आणि ओतकामात भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसते. छिद्र पडलं तर प्लेट गेली.

चार पोर्टच्या इंजिनात मधल्या प्लेटची प्रायमरी पोर्टं थोडीच वाढवावी, म्हणजे खालचा टॉर्क टिकतो. पुढच्या आणि मागच्या प्लेटची सेकंडरी मोठी करता येतात. मात्र दोन्ही रोटरचं टायमिंग अंशाला अंश जुळलं पाहिजे, नाहीतर एक रोटर श्रीमंत (जास्त पेट्रोलच्या) मिश्रणावर आणि दुसरा गरीब (कमी पेट्रोलच्या) मिश्रणावर चालतो. गरीब मिश्रणावरच्या रोटरचे एपेक्स सील (रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या) आधी फुटतात.

ब्रिज पोर्टमध्ये कॉर्नर सीलसाठी पट्टी राखून तिच्या बाहेर आणखी एक खाच कोरतात. ओव्हरलॅप प्रचंड वाढतो, वरची ताकद मिळते, पण आयडल अडखळतं, पेट्रोल जळतं आणि ती पट्टी तडकण्याचा धोका कायम राहतो. रोजच्या गाडीत हे करू नये असं माझं ठाम मत आहे.

काम सुरू करण्याआधी तेलाची भोकं बुजवलेली असली तरी शेवटी प्लेट गरम साबणाच्या पाण्याने, प्रत्येक तेलमार्गात ब्रश घालून धुवा आणि हवेने सुकवा. बिडाची पूड बेअरिंगमध्ये गेली तर पहिल्याच तासात बेअरिंग खाऊन टाकते. धुतल्यावर लगेच तेलाचा हात फिरवा, गंज मिनिटांत चढतो.

इंजिन जोडल्यावर फ्युएल मॅप (कधी किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता) नव्याने करावा लागतो, जुन्या मॅपवर जोर देऊ नका. क्रँकिंग कॉम्प्रेशन (स्टार्टरने इंजिन फिरवताना मोजलेला दाब) मूळपेक्षा थोडं कमी दिसेल, कारण पोर्ट उशिरा बंद होतं. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते पाहा. एकच आकडा मागे पडत असेल तर आधी त्या बाजूचं साइड सील तपासा.