गर्ड ड्राफ्ट: दुष्काळाचं कलम हललं एकदाचं

हललं! मॉडेल यूएनसाठी मी लिहितेय त्या गर्ड धरणाच्या ठरावातलं ऑप ४, म्हणजे चौथं कृतिकलम, हललं. मागच्या नोंदीत ज्या कलमापुढे मी हात टेकले होते, ते दुष्काळाचं कलम परवाच्या मॉकमध्ये (सरावाच्या बैठकीत) पूर्ण वाचून झालं आणि इथिओपियाकडून एकही चिट आली नाही. राइट टू रिप्लाय नाही, पीओआय (वक्त्याला विचारायचा प्रश्न) नाही. ईबीच्या (बैठक चालवणाऱ्या एक्झिक्युटिव्ह बोर्डाच्या) खुर्चीत बसलेल्या सिनिअरने दोनदा विचारलं, "इथिओपिया, नथिंग?" इथिओपिया झालेली डेलिगेट नुसती मान हलवून काहीतरी लिहीत राहिली. आधीच्या मॉक्समध्ये तिला ऐकलेल्यांना कळेल, मी एवढी का नाचतेय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: यूएनएससी (सुरक्षा परिषद), अजेंडा गर्ड (ग्रँड इथिओपियन रेनेसाँ डॅम), फ्रीझ डेट (जिच्यानंतरचं काही वापरता येत नाही ती तारीख) ८ जुलै २०२१. निळ्या नाईलवरच्या या धरणावर कौन्सिलची खरी बैठक झाली, तोच दिवस. माझ्याकडे केनिया. इथिओपिया, सुदान आणि इजिप्त हे तिघेही नियम ३७ खाली बोलावलेले, त्यांना ना मत ना स्पॉन्सरशिप. त्यामुळे बरेच जण त्यांना मोजतच नाहीत, थेट ठरावाला लागणाऱ्या नऊ मतांची जुळवाजुळव सुरू करतात. मला ते पटत नाही. 'आफ्रिकन युनियन बघेल' म्हणून हात झटकायला रशिया आणि चीन टपलेलेच आहेत. ज्याचं धरण तोच उठून 'आम्हाला अमान्य' म्हणाला की त्यांना आयतं निमित्त मिळतं. मग नऊच काय, चौदा मतं गोळा केली तरी व्हेटोपुढे फुकट.

प्रीअँबचं (ठरावाच्या प्रस्तावनेचं) लांबण लावत नाही, तो विषय मागेच झालाय. एवढंच सांगते, की १९५९ चा करार शेवटपर्यंत कुठेही येऊ दिला नाही. इजिप्तला ५५.५ आणि सुदानला १८.५ अब्ज घनमीटर अशी वाटणी त्या दोघांनी आपसात केली, इथिओपियाला कुणी विचारलंही नव्हतं. तो आकडा कागदावर दिसला की अदिस अबाबा चिडलंच म्हणून समजा. त्याऐवजी २०१५ चं खार्टूम डिक्लरेशन घेतलं, कारण त्यावर तिघांच्याही सह्या आहेत आणि मोठी हानी न करण्याचं तत्त्वही त्यात आहे, जे इजिप्तला हवंच असतं. १९९७ चं वॉटरकोर्सेस कन्व्हेन्शन प्रीअँबमध्ये टाकण्याचा मोह सगळ्यांना होतो. टाकू नका. तेव्हा विरोधात मत देणारे तीनच देश होते आणि त्यात चीन होता.

आता ऑप ४.

पहिला अवतार आकड्याचा होता. २०२० च्या सुरुवातीच्या वॉशिंग्टन बोलण्यांमधला ३७ अब्ज घनमीटरचा उंबरठा सरळ उचलला होता: धरणापाशी वर्षाचा प्रवाह त्याखाली गेला की दुष्काळ, मग इथिओपियाने साठ्यातून पाणी सोडायचं. इजिप्त खूश. इथिओपियाची डेलिगेट उभी राहून म्हणाली, हा कोटाच आहे, फक्त मागच्या दाराने आणलेला. खऱ्या आयुष्यात तरी वेगळं काय झालं? त्या मसुद्यावर इजिप्तने आद्याक्षरं केली आणि इथिओपिया बैठकीलाच गेला नाही.

दुसरा अवतार समितीचा. तिन्ही देशांची तांत्रिक समिती दुष्काळ जाहीर करील आणि विसर्ग ठरवील. यावर इथिओपिया गप्प बसला, पण इजिप्त उसळला. समित्या, तज्ज्ञमंडळं आणि अभ्यास २०१२ पासून चालूच आहेत, तोवर धरण उभं राहिलं, असं त्याचं म्हणणं. रास्त आहे. तसंही समितीचं कलम हा आपल्या मॉडेल यूएन सर्किटचा जुना आजार. डेलिगेट अडला की समिती काढतो आणि तिला असं नाव शोधतो की आद्याक्षरांतून एखादा गोंडस शब्द निघावा. त्या नावावर अर्धं अनमॉड (मोकळ्या चर्चेचा वेळ) जातं, आणि समितीने नक्की काय करायचं हे कलमात कुठेच नसतं.

वाट सापडली ती यूएनच्या कुठल्या कागदात नाही, कोपरगावात. मामाची ऊसशेती आहे आणि पाऊस ओढ देतो त्या वर्षी दिवाळीच्या आसपास घरात एकच विषय असतो: गोदावरीवर खालच्या अंगाला असलेलं जायकवाडी धरण. महाराष्ट्राचा २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, वरच्या-खालच्या धरणांतल्या पाणीवाटपावरचा मेंढेगिरी समितीचा अहवाल आणि त्यावरचा प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश, या सगळ्याचा मामाच्या भाषेतला सारांश असा: १५ ऑक्टोबरला जायकवाडीच्या नाथसागरात उपयुक्त साठा ६५ टक्के भरला असेल तर आम्ही सुटलो, नसेल तर आमच्या आवर्तनावर गदा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हाचा त्याचा फोन मला अजून आठवतो. या वेळी मी मुद्दाम फोन करून खोदून विचारलं, नियमात सगळ्यात काय खटकतं? मला वाटलं, ६५ चा आकडा म्हणेल. तो म्हणाला, "अगं, सोडताना मोजायचं धरणावर आन् बोंब मारायची पैठणला पोचलं न्हाई म्हणून. मधी नदी पीत न्हाई का?"

या एका वाक्यात माझी दोन सब-क्लॉज होती.

एक म्हणजे आकडा सोडायचा आणि तारीख धरायची. मेंढेगिरी पद्धतीत वरच्याला 'तुझा वाटा इतका' असं कुणी म्हणत नाही. एका ठरलेल्या दिवशी दोन्हीकडचे साठे बघायचे आणि खालचा खरोखर रिकामा असेल तरच वरच्याने सोडायचं. आधी खालच्याला आपलं भांडं दाखवावं लागतं. इथिओपियाला हेच हवं होतं: इजिप्तचं स्वतःचं आस्वान धरण भरलेलं असताना त्याला ओरडता येऊ नये. आणि इजिप्तला मिळतं ते असं, की आस्वान खाली आणि गर्ड वर अशी स्थिती त्या तारखेला दिसली की सबब चालत नाही.

दुसरं, मोजायचं कुठे. १९५९ च्या हिशोबातच आस्वानच्या बाष्पीभवनापोटी वर्षाला १० अब्ज घनमीटर बाजूला काढलेले आहेत. आस्वानपाशी मोजलं की त्या वाफेचा दोष वरच्यावर येतो, आणि इथिओपिया तो कदापि घेणार नाही. म्हणून विसर्ग मोजायचा तो धरणाच्या पायथ्याशी आणि सुदानच्या सीमेवरच्या एल दीमच्या केंद्रावर. पुढचं नदीचं.

ड्राफ्ट अर्थात इंग्रजीत आहे, पण कलमाचा गाभा असा (त्यातलं रोझेरिस हे सुदानचं धरण):

४. तिन्ही देशांना आवाहन करते की, त्यांनी आफ्रिकन युनियनच्या मध्यस्थीने दुष्काळी वर्षांसाठी पुढील व्यवस्था मान्य करावी:
(अ) दरवर्षी १५ नोव्हेंबरला गर्ड, रोझेरिस आणि आस्वान येथील उपयुक्त साठ्याची टक्केवारी एकमेकांना कळवणे;
(आ) त्या दिवशी आस्वानचा साठा [ ] टक्क्यांखाली आणि गर्डचा [ ] टक्क्यांवर असल्यास, पुढील पुरापर्यंत गर्डमधून वाढीव विसर्ग टप्प्याटप्प्याने सोडणे;
(इ) हा विसर्ग गर्डच्या पायथ्याशी आणि एल दीम येथे संयुक्तपणे मोजणे;

१५ नोव्हेंबर का? पूर ओसरून पाणी आस्वानपर्यंत पोचलेलं असायला हवं, म्हणून आपल्यापेक्षा महिनाभर पुढे. चौकोनी कंस मुद्दाम रिकामे ठेवलेत. खऱ्या वाटाघाटींत न जमलेला मजकूर कंसात ठेवतात, तोच आधार. ईबीने भुवई उंचावली, पण ऑर्डरबाहेर काढलं नाही. माझ्या लेखी हाच खरा विजय, कारण टक्का भरला असता तर पुन्हा कोट्यावर आलो असतो.

मामाला मी हेही सांगितलं, की नाईलवालं भांडण खरं तर तुमच्यापेक्षा सोपं असायला पाहिजे. आकार सोडा, गर्डची क्षमता ७४ अब्ज घनमीटर, म्हणजे पंचवीस नाथसागर त्यात मावतील. पण तुमचं पाणी उसात जातं ते परत येत नाही. गर्ड विजेसाठी आहे आणि टर्बाइन फिरवायचं तर पाणी खाली सोडावंच लागतं. मामाला हे फारसं आवडलं नाही. मुद्दा मात्र पक्का आहे आणि पुढच्या मॉडमध्ये (ठरलेल्या विषयावरच्या चर्चेत) मी तो वापरणारच. उलट बाजूही लिहून ठेवते: गोदावरीवर वरच्या-खालच्यांच्या डोक्यावर एक प्राधिकरण आहे, उच्च न्यायालय आहे, तरी दर टंचाईत कज्जे होतातच. नाईलवर तसं डोक्यावर कुणीच नाही. म्हणून ऑप ४ 'आवाहन' करतं, 'निर्णय' घेत नाही. यूएन सनदेच्या चॅप्टर सहामध्येच, म्हणजे तंटे सामोपचाराने मिटवण्याच्या प्रकरणातच, राहायचं. कौन्सिलमध्ये आहोत म्हणून 'डिसाइड्स' ठोकून देणाऱ्यांनी एकदा त्या वर्षीचा ट्युनिशियाचा खरा मसुदा आठवावा: सहा महिन्यांत बंधनकारक करार करा आणि इथिओपियाने दुसरं भरण थांबवावं. तो मतदानापर्यंत पोचलाच नाही.

हे लिहिता लिहिता एक लक्षात येतंय. मी सुदानला (इ) मध्ये, म्हणजे अगदी तळाशी बसवलंय. पण डेटा नसल्याची झळ सगळ्यात आधी त्यालाच लागली. २०२० च्या जुलैत पहिलं भरण झालं तेव्हा एल दीमला प्रवाह एकदम घटला, आणि खार्टूममधल्या पाणी उपसा केंद्रांना त्रास झाला. रोझेरिस तर गर्डपासून शंभरेक किलोमीटरवर, वरून काय येतंय ते कळल्याशिवाय तिथले दरवाजे चालवणार कसे? रोजच्या माहितीची देवाणघेवाण दुष्काळाच्या कलमात कोंबण्यापेक्षा तिचंच ऑप १ केलं तर? त्यावर भांडणही कमी. तिन्ही देश पहिल्याच कलमावर मान डोलावतील आणि डिव्हिजन ऑफ द क्वेश्चन (कलमांवर वेगवेगळं मतदान) आलं तरी ते एक कलम उभं राहील. ठरलं, क्रम बदलते. (इ) मधली मोजणी तिथेच ठेवते, रोजचा डेटा वर जातो.

दुसरा बदल भारत आणि चीनसाठी. दोघेही कौन्सिलवर, दोघांच्याही सीमा ओलांडणाऱ्या नद्या, आणि पाण्याचे तंटे कौन्सिलपुढे येण्याची सवय दोघांनाही नको. सप्टेंबर २०२१ च्या खऱ्या प्रेसिडेन्शियल स्टेटमेंटमध्ये एक ओळ होती: यातून इतर कुठल्याही सीमापार पाणी-वादासाठी पायंडा पडत नाही. फ्रीझ डेटमुळे ते स्टेटमेंट उद्धृत करता येत नाही, पण युक्ती उचलायला कोण अडवतंय? शेवटून दुसरं ऑप हेच. भारताच्या डेलिगेटला अनमॉडमध्ये ओळ दाखवली, तर त्याने पुढचं न वाचताच सिग्नेटरीत (ड्राफ्टवर सही करणाऱ्यांत) नाव घातलं.

साधनांबद्दल थोडी कुरकूर. सब-क्लॉजचे क्रमांक ऑनलाइन डॉकवर सोडू नका. चार जण एकाच वेळी टाइप करायला लागले की (आ) चं ५ होतं आणि ५ चं काय होतं ते देव जाणे. मी पहिला खर्डा फुलस्केपवर हाताने लिहिते, क्रमांक हाताने घालते, आणि टाइप करायला एकच माणूस बसवते. 'शंभर प्रीअँब शब्द' वाल्या पीडीएफ फेकून द्या. यूएन डिजिटल लायब्ररी फुकट आहे, तिथे कौन्सिलचे चार खरे ठराव वाचले की कुठलं क्रियापद कुठे बसतं ते आपोआप कळतं. चॅटबॉटकडून लिहून आणलेले ड्राफ्ट आता ईबी दुरून ओळखतात. प्रत्येक कलमात 'क्षमतावृद्धी', प्रत्येक कलमात 'जनजागृती', आणि नदीचं नाव बदललं तरी मजकूर तोच.

आता नवी अडचण. मॉक संपल्यावर चहाच्या वेळी इजिप्तवाल्याने शांतपणे विचारलं, "एका वर्षाचं ठीक आहे. ओळीने पाच-सात वर्षं कोरडी गेली तर?" प्रश्न जागेवर आहे. १९८० च्या दशकात नाईलने तसला दुष्काळ काढलाय, आणि आस्वान होतं म्हणून इजिप्त तरला. जायकवाडीचा नियम वर्षावर्षाचा: पाऊस झाला की पाटी कोरी. नाईलवर मागच्या वर्षीची तूट पुढच्या वर्षात वाहत येते. दुसऱ्या वर्षी १५ नोव्हेंबरला गर्डच खाली असेल, तर (आ) लागूच होत नाही. वॉशिंग्टनच्या मसुद्यात यासाठी अनेक वर्षांच्या सरासरीची वेगळी पायरी होती, पण सरासरी म्हटली की आकडा आला, आणि आकडा आला की इथिओपियाची चिट आली.

सध्या डोक्यात असं आहे: ओळीने दोन वर्षं आस्वान टक्क्याखाली राहिलं, तर (आ) बाजूला ठेवून आफ्रिकन युनियनने तिघांना ६० दिवसांत एकत्र बसवायचं आणि तोवर गर्डचा साठा वाढवायचा नाही. शेवटच्या सहा शब्दांवर इथिओपियाची डेलिगेट उभी राहणार, हे मला आत्ताच दिसतंय. 'वाढवायचा नाही' ऐवजी 'पुराच्या हंगामाखेरीज वाढवायचा नाही' करून बघते. पुढच्या रविवारी इजिप्त आणि इथिओपिया आपापल्या खुर्च्या बदलणार आहेत, तेव्हा हे (ई) म्हणून वाचीन.