सगळ्यात मागची सायकल

ग्रुप राइडचा मेसेज माझ्या फोनवर दीड महिना पडून होता. 'कोणीही या, कसलीही सायकल चालेल. रमतगमत १५ किलोमीटर. कोणालाही मागे टाकून जाणार नाही.' शेवटच्या वाक्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. घट्ट कपड्यांतली, पोटऱ्यांच्या गाठी दिसणारी मंडळी भुर्रकन निघून जाणार आणि आपण सिग्नलला एकट्याच उभ्या, हेच चित्र डोळ्यांसमोर यायचं.

शेवटी एका रविवारी जायचं ठरवलं. आदल्या रात्री हवा भरायला घेतली. अंगठ्याने टायर दाबून 'ठीक आहे' म्हणायची माझी सवय. या वेळी टायरच्या कडेला छापलेला आकडा पहिल्यांदा वाचला: ४० ते ६५ पीएसआय, म्हणजे हवेचा दाब. पंपाचा काटा २५ दाखवत होता. सायकल जड चालते म्हणून इतके दिवस मी गुडघ्यांवर खापर फोडत होते!

सकाळी बारा-तेरा जण जमले होते. पांढऱ्या केसांचे दोन काका, कॉलेजची मुलं, पुढे बास्केट लावलेली एक सायकल. घट्ट कपडे फक्त एकाच्या अंगावर, आणि तोही जांभया देत होता. पुढे असणाऱ्या ताईंनी दोन मिनिटांत नियम सांगितले. त्यांच्या पुढे कोणी जायचं नाही आणि सगळ्यात शेवटी असणाऱ्या काकांच्या मागे कोणी राहायचं नाही. मग माझ्या सीटकडे बघून म्हणाल्या, "पेडल पार खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला पाहिजे." माझा गुडघा चांगलाच वाकलेला. सीट दोन इंच वर गेली.

दम लागेल या भीतीने मी गेले होते, पण वेगाचा प्रश्न आलाच नाही. अडचण वेगळीच निघाली. एकटीने चालवताना मी मनात येईल तशी वळायचे. खड्डा दिसला, मी गुपचूप बगल दिली आणि माझ्या मागचा मुलगा थेट त्यात. पडला नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढून प्रत्येक जण हात खाली करून खड्डा दाखवत होता, "खड्डा!" असं ओरडतही होता, आणि ती आरोळी माझ्यापाशी येऊन बंद पडत होती. त्यानंतर मी इतक्या जोरात ओरडायला लागले की फुटपाथवरची माणसं वळून बघायची.

थोड्या वेळाने सगळ्यात शेवटचे काका शेजारी आले. "ताई, तुमचं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकाच्या बाजूला नेऊ नका. ते जरा जरी वळले तरी चाकं घासतील. त्यांना बहुतेक काही होणार नाही, पडाल तुम्ही." उभ्या गाड्यांपासूनही एका दाराएवढं अंतर ठेवायला सांगितलं. दार कधी उघडेल, नेम नाही.

एका सिग्नलला निम्मे पार झाले आणि लाल लागला. मी दामटणार होते, पण काकांनी हात वर केला. काही ठिकाणी अशा वेळी आडवी वाहनं अडवून सगळा घोळका पार करतात. सॅन फ्रान्सिस्कोत १९९२ साली सुरू झालेल्या 'क्रिटिकल मास' राइडची ती ओळखच आहे. आमच्याकडे लाल म्हणजे थांबायचं. पुढचे लोक पलीकडे कडेला उभे होते, निवांत.

आणि नवव्या किलोमीटरला माझं मागचं चाक बसलं. माझ्याकडे स्पेअर ट्यूब नव्हती. काकांकडची जाड व्हॉल्व्हची, माझ्या रिमचं भोक बारीक. मग पॅच. काकांनी ट्यूब काढून थोडी फुगवली आणि गालाजवळून हळूहळू फिरवली. एका जागी थांबले. "इथे." मीही गाल पुढे केला. खरंच, सुईएवढी गार हवा लागत होती. तेवढा भाग घासून त्यांनी सोल्यूशन लावलं आणि नुसते बसून राहिले. ओल्यावर पॅच धरत नाही म्हणे. तोवर टायरच्या आतून जपून बोट फिरवून त्यांनी तारेचा एक तुकडा बाहेर काढला. "चोर घरात ठेवून कुलूप बदललं तर काय उपयोग?"

टायर चढवण्याआधी ट्यूबमध्ये थोडी हवा भरली, म्हणजे ती रिममध्ये चिमटत नाही. वीस मिनिटं गेली. मी दहा वेळा सॉरी म्हटलं. जांभया देणारा सायकल टेकवून चक्क डुलकी काढत होता.

घरी आल्यावर पाहिलं, तर उजव्या पोटरीवर चेनचे काळे डाग, दोनदा साबण लावूनही न जाणारे. संध्याकाळी ट्यूब आणायला गेले, टायरवरचा आकडा आणि व्हॉल्व्हचा फोटो घेऊन. दोन आणल्या.