तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशात बास्केटबॉल खेळायला कसं जायचं?

मीनाताई ठाकरे स्टेडियमबाहेर असो की कुणाच्या हळदीला, प्रश्न ठरलेला. "पोरगा सहा फूट झालाय. कॉलेज झालं की तुमच्यासारखं परदेशात प्रो खेळायला पाठवायचं, काय करू?" शेजारचा लगेच: "पण तुम्ही परत का आलात?"

आधी उंचीचं कौतुक थांबवा. सतनाम सिंग सात फूट दोन इंच. 2015 मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तिथे) डॅलसच्या संघाने त्याला 52व्या क्रमांकावर घेतलं, तरी एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. आणि तो कॉलेज संपवून नव्हे, चौदाव्या वर्षीच फ्लोरिडाच्या अकादमीत गेला होता.

मी सहा-तीन. नाशकात एवढी उंची म्हणजे थेट पोस्टवर. रिंगखाली उभं राहायचं, रिबाउंड काढायचा, बॉल पुढे नेणाऱ्या गार्डला द्यायचा. मी ड्रिबल केलं की सर ओरडायचे. जर्मनीत खालच्या लीगमधल्या क्लबने घेतलं, तिथे सहा-तीन म्हणजे गार्ड! पहिल्याच सरावात फुल कोर्ट प्रेस, म्हणजे समोरचे अख्ख्या कोर्टभर अंगावर येऊन अडवणार. मला अडवायला बेकरीत काम करणारा एक पोरगा. डावीकडे वळलो, बॉल गेला. उजवीकडे वळलो, गेला. कोच ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त बॉल दुसऱ्याला आणायला सांगितलं.

परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, त्या जागेवरच्याने सामने जिंकून द्यायचे असतात. दिवाळीच्या सुमारास मॅनेजर फ्लॅटवर आला. करारात ट्रायलची अट होतीच, भांडणार कशावर? अमेरिकन गार्ड येणार होता. किल्ली आणि दोन्ही जर्सी मागितल्या. एक जर्सी हीटरवर वाळत होती. तशीच ओली पिशवीत कोंबून दिली.

म्हणून परत आलो. "हरून आला" म्हणणाऱ्यांनो, खेळायचा पगार घेतलाय मी. थोडाच होता, हेही खरं. फ्लॅट क्लबचा म्हणून भागलं.

जाण्याआधी बाबांनी रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याचा फॉर्म आणून दिला होता. मी भरला नाही. तेव्हाचा मी अजून म्हणतो, बरं केलंस. मी हो म्हणतो. घराचा हप्ता कापला गेला की पलटतो. वाद चालू आहे.

पोराला पाठवायचंच असेल तर क्लबांना नुसते हायलाइट्स नकोत, अख्ख्या सामन्याचं रेकॉर्डिंग द्या. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, नियमाप्रमाणे आपल्या देशाच्या महासंघाकडून क्लिअरन्स लेटर (ना-हरकत पत्र) लागेल. एजंटने आधीच पैसे मागितले तर उठून या. आणि त्याला आत्तापासून डाव्या हाताने बॉल पुढे आणू द्या, सर कितीही ओरडोत.